नवं ग्राफिक्स कार्ड आणि दोन मिनिटांचं स्टार्टअप: एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

मशीन व्हिडिओ एडिटिंगचं. कोअर आय५-८४०० प्रोसेसर, बी३६० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, विंडोज १० टाकलेली ५०० जीबीची साटा एसएसडी आणि फुटेजसाठी २ टीबीची साधी हार्ड डिस्क. 'डॉक्युमेंट्स' आणि 'व्हिडिओज' ही फोल्डरं वापरकर्त्याने हार्ड डिस्कवर वळवली होती. म्हणजे विंडोज एसएसडीवर असलं, तरी लॉगिन होताच त्याला हार्ड डिस्क लागायची.

जुनं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स ७५० टीआय. २०१४ सालची पिढी, जेमतेम १५ सेंटिमीटर लांबी, वेगळी पॉवर केबल लागत नाही. त्याच्या जागी आलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं: दोन पंखे, सुमारे २४ सेंटिमीटर लांबी, ८ पिनचा पॉवर कनेक्टर, १७० वॉटपर्यंत वीज. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ६५० वॉटचा होता, त्यामुळे त्या बाजूने चिंता नव्हती. तसंही एसएमपीएस कमी पडला तर मशीन लोड येताच बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं. सुरू व्हायला वेळ लागणं हे त्याचं लक्षण नव्हे. तरीही अशा तक्रारीत सगळ्यात आधी बोट दाखवलं जातं ते त्याच्याकडेच.

मशीन जुन्या पद्धतीने, म्हणजे सीएसएम (यूईएफआय या नव्या बायोसला जुन्या पद्धतीने बूट करू देणारं सेटिंग) चालू ठेवून आणि एमबीआर (पार्टिशनच्या नोंदीची जुनी पद्धत) डिस्कवर, बसवलेलं होतं. यालाही कारण होतं. ७५० टीआयच्या काळातल्या काही कार्डांच्या व्हीबायोसमध्ये (कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्ये) यूईएफआयसाठी लागणारा जीओपी ड्रायव्हर नसायचा. तसं कार्ड असलं की सीएसएम बंद करून त्या कार्डावर सुरुवातीचा डिस्प्ले मिळत नाही. त्यामुळे ज्याने कुणी हे मशीन जुळवलं त्याने सीएसएम चालू ठेवला आणि विंडोज त्याच पद्धतीने पडलं.

अडचण

पूर्वी बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप यायचा, असं वापरकर्त्याचं म्हणणं. नवं कार्ड बसवल्यावर दोन मिनिटांच्या आसपास वेळ लागू लागला. एकदा सुरू झालं की मशीन मात्र झकास चालायचं. रेंडरिंगचा वेळ घटला होता, गेम नीट चालत होते, कुठेही अडखळणं नाही.

तक्रार तपासायला येईपर्यंत त्यांनी बरंच काही करून पाहिलं होतं. स्टार्टअपमधले प्रोग्रॅम बंद केले. सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने ड्रायव्हर साफ केला आणि नवा टाकला. काही सेकंदांचाही फरक पडला नाही. मग त्यांनी जुनं कार्ड परत बसवून पाहिलं. वेळ सव्वा मिनिटाच्या आत आला. नवं काढलं की मशीन वेगवान, लावलं की संथ. निष्कर्ष उघड वाटत होता: कार्ड सदोष आहे, परत करायचं. परतीची मुदत संपत आली होती, म्हणून घाईही होती.

या प्रयोगात एक आकडा खटकणारा होता. जुनं कार्ड परत लावल्यावर वेळ सुमारे ७० सेकंदांवर आला, अर्ध्या मिनिटावर नाही. दोष फक्त नव्या कार्डात असता, तर जुन्यासोबत मशीन पूर्ववत व्हायला हवं होतं. ११५ सेकंदांवरून ७० वर आल्याच्या समाधानात वरचे चाळीस सेकंद नजरेआड झाले. हे प्रकरण सुटलं ते त्या चाळीस सेकंदांमुळे.

समोर असलेले पर्याय

कार्ड परत करणं हा सर्वांत सोपा मार्ग. पण दुसरं कार्डही तेवढ्याच लांबीचं आलं असतं आणि तक्रार जशीच्या तशी राहिली असती.

दुसरा पर्याय म्हणजे फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकणं. यात एक दिवस जातो, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची परवानापत्रं आणि प्लगइन पुन्हा जमवावी लागतात. उशीर विंडोजच्या आधीच्या टप्प्यात असेल तर हाती काही लागत नाही. तो टप्पा कोणता हे न पाहता फॉरमॅट मारणं म्हणजे जुगार.

बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर) अपडेट करावा का, हाही प्रश्न आला. नव्या कार्डांच्या सुसंगतीसाठी बोर्ड उत्पादक अपडेट देतात, त्यामुळे विचार गैर नव्हता. पण अपडेटनंतर बहुतेक बोर्डांची सेटिंग मूळपदावर जातात. तपास चालू असताना पुरावा पुसला गेला असता, आणि फरक पडलाच असता तरी कशाने पडला ते कळलं नसतं. म्हणून तो बाजूला ठेवला.

एसएसडीच्या जागी एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) घ्यावी, अशीही एक सूचना होती. साटा एसएसडीवरून एनव्हीएमईवर गेल्याने विंडोज सुरू होण्यात थोड्या सेकंदांचा फरक पडतो, दीड मिनिटाचा नव्हे.

उरला पर्याय मोजमापाचा: सुरू होण्याचे टप्पे वेगळे करायचे, प्रत्येकाचा वेळ घ्यायचा आणि मगच हात लावायचा. परतीच्या मुदतीमुळे त्यासाठी एकच संध्याकाळ ठेवली. तेवढ्यात काही सापडलं नाही तर कार्ड परत करायचं, असंही आधीच ठरवून घेतलं. मुदत डोक्यावर असताना अशी सीमा आखणं योग्यच होतं.

वेळ नेमका कुठे जातो

मोजण्याआधी फास्ट स्टार्टअप बंद केला. विंडोज १० मध्ये साधं शट डाऊन केलं की कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) स्थिती हायबरनेशनच्या फाइलमध्ये जपली जाते आणि पुढच्या वेळी तीच वर उचलली जाते. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं पहिल्यापासून घडतं. त्यामुळे एकदा शट डाऊन करून आणि एकदा रीस्टार्ट करून घेतलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. हा पर्याय कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या सेटिंगखाली असतो. एकदाच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून शट डाऊनवर क्लिक केलं तरी चालतं. हार्डवेअर बदलण्यासाठी कॅबिनेट उघडण्याआधी नेहमी असंच बंद करावं. तसं केलं तर जपून ठेवलेल्या कर्नलला जागा झाल्यावर वेगळंच हार्डवेअर समोर दिसत नाही.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये 'लास्ट बायोस टाइम' हा आकडा दिसतो. त्यात फर्मवेअरने घेतलेला वेळ कळतो. इथे तो दिसत नव्हता, कारण मशीन लेगसी, म्हणजे सीएसएमच्या जुन्या, पद्धतीने बूट होत होतं आणि हा आकडा यूईएफआय फर्मवेअरकडून येतो. म्हणून स्टॉपवॉच.

टप्पे तीन धरले. बटणापासून विंडोजचा लोगो दिसेपर्यंतचा काळ फर्मवेअरचा. लोगोपासून लॉगिनच्या पडद्यापर्यंत कर्नल, ड्रायव्हर आणि सेवांचा. लॉगिननंतर माउसला नीट प्रतिसाद मिळेपर्यंत वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमांचा. कार्ड बसवल्यानंतरची पहिली एक-दोन स्टार्टअप हिशेबात धरायची नाहीत, कारण तेव्हा विंडोज नवं उपकरण नोंदवत असतं आणि ती दिरंगाई एकदाचीच असते.

नव्या कार्डासह आकडे आले ४८, ५२ आणि १५ सेकंद. एकूण ११५. जुन्या कार्डासह ४५, १३ आणि १२. एकूण ७०.

एवढ्यावरच चित्र पालटलं. फर्मवेअरचा टप्पा कोणतंही कार्ड लावलं तरी ४५ सेकंदांच्या खाली येत नव्हता. कार्ड बदलल्याने हलत होता तो प्रामुख्याने विंडोजचा टप्पा. म्हणजे एका तक्रारीमागे दोन वेगळी कारणं होती, आणि ती एकाच दिवशी जन्मली असल्याने एकच वाटत होती.

विंडोजच्या टप्प्यासाठी जुना पुरावाही हाताशी होता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्स, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स आणि शेवटी ऑपरेशनल असं गेलं की क्रमांक १०० च्या नोंदी सापडतात. प्रत्येक नोंदीच्या तपशिलात 'मेनपाथबूटटाइम' आणि 'बूटपोस्टबूटटाइम' हे आकडे मिलिसेकंदांत असतात. पहिला डेस्कटॉप येईपर्यंतचा, दुसरा त्यानंतर मशीन शांत होईपर्यंतचा. कार्ड बदलण्याआधीच्या महिन्यांत पहिला आकडा १४,००० च्या घरात होता. नव्या कार्डासह तो ५५,००० च्या आसपास पोचला, जुन्यासह परत १४,००० वर आला. फर्मवेअरचा वेळ यात धरलेला नसतो. नेमकी तीच इथे सोय ठरली: पूर्वी 'अर्धा मिनिट' लागायचा ही आठवण या लॉगशी जुळली आणि आधीचं फर्मवेअर पंधरा-वीस सेकंदांत उरकत असणार असा अंदाज बांधता आला.

त्याच जागी १०१ ते १०९ या क्रमांकांच्या नोंदीही असतात. १०१ उशीर करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, १०२ ड्रायव्हरसाठी, १०३ सेवेसाठी, १०९ उपकरणासाठी. डिस्प्ले ड्रायव्हरच्या नावाची एकही नोंद तिथे नव्हती. ड्रायव्हरच्या साफसफाईने काही का बदललं नाही, ते इथे उमगलं. शिवाय दोन्ही कार्डं एनव्हिडियाचीच, आणि त्या वेळी एकाच ड्रायव्हर पॅकेजवर चालणारी. एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट जाताना जुन्या ड्रायव्हरचे अवशेष त्रास देऊ शकतात. या प्रकरणात तो संशय सुरुवातीपासूनच कमकुवत होता.

पहिलं कारण: विसरलेला जंपर

सिस्टम लॉग चाळताना एक विचित्र गोष्ट दिसली. कार्ड बसवलं त्या दिवशी कर्नल-जनरल स्रोताची, क्रमांक १ ची नोंद होती: घड्याळ २०१८ सालावरून चालू तारखेवर आणलं गेलं होतं. मशीनचं घड्याळ काही वर्षं मागे जातं ते बहुधा दोन प्रसंगी: बोर्डावरचा सेल संपला, किंवा कुणीतरी सीमॉस (बायोसची सेटिंग जपणारी मेमरी) क्लिअर केला. सेल संपला असता तर वीज काढल्यावर दर वेळी असं झालं असतं. नोंद एकच होती.

विचारल्यावर वापरकर्त्याला आठवलं. नवं कार्ड लावून मशीन सुरू केलं तर डिस्प्लेच आला नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी बोर्डावरचे दोन पिन जंपरने जोडून सीमॉस क्लिअर केला. मग डिस्प्ले आला. त्याच वेळी मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टातून काढून कार्डात लावली होती, हे मात्र त्यांच्या दृष्टीने किरकोळ. प्रत्यक्षात डिस्प्ले आला तो त्या केबलमुळे. आय५-८४०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स असतं, पण वेगळं कार्ड दिसलं की बोर्डाचं 'ऑटो' सेटिंग साधारणपणे अंतर्गत ग्राफिक्स बंद करतं आणि बोर्डावरचे पोर्ट मुके होतात. जंपरची गरजच नव्हती.

सीमॉस क्लिअर झाल्याने बोर्डाची सगळी सेटिंग मूळपदावर गेली. या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये लॅन ऑप्शन रॉम (नेटवर्कवरून बूट करू देणारा कोड) चालू होता आणि बूटच्या क्रमात नेटवर्क एसएसडीच्या आधी होतं. त्यामुळे मशीन दर वेळी आधी नेटवर्कवरून बूट व्हायचा प्रयत्न करायचं. लॅन केबल राउटरला जोडलेली होती. राउटर आयपी पत्ता द्यायचा, पण बूटसाठीची फाइल कोण देणार? नेटवर्कवरून बूट व्हायच्या या पीएक्सई पद्धतीत विनंती पुन्हा पुन्हा पाठवली जाते आणि प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ वाढत जातो. ती वाट संपली की मगच पाळी एसएसडीची.

हे पडद्यावर दिसत का नव्हतं? कारण बोर्ड उत्पादकाचा पूर्ण पडदाभर लोगो त्या ओळी झाकून टाकत होता. बायोसमधला फुल स्क्रीन लोगोचा पर्याय बंद केल्यावर पीएक्सईच्या ओळी आणि शेवटी 'ई५३' हा संदेश दिसला, म्हणजे बूट फाइलचं नाव मिळालं नाही. त्याही आधी एक साधी चाचणी घेतली होती: लॅन केबल उपसून मशीन सुरू करणं. फर्मवेअरचा टप्पा ४८ वरून २० सेकंदांवर आला. केबलच नसेल तर पीएक्सई लगेच हार मानतं. सुरुवातीचा टप्पा लांबलेल्या कोणत्याही मशीनवर ही चाचणी आधी करावी. तिला ना स्क्रूड्रायव्हर लागतो ना सॉफ्टवेअर.

दुरुस्ती बायोसमध्ये झाली. विंडोज असलेली एसएसडी क्रमात पहिली, लॅन ऑप्शन रॉम बंद, आणि बायोसमधला फास्ट बूट पुन्हा चालू. विंडोजचा फास्ट स्टार्टअप ही वेगळी गोष्ट आहे. नावांच्या सारखेपणाने गोंधळ होतो. आणखी एक नुकसान लक्षात आलं. रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी प्रोफाइलही पुसलं गेलं होतं आणि २६६६ ची रॅम २१३३ वर धावत होती. स्टार्टअपशी याचा संबंध नगण्य, पण नव्या कार्डासाठी पैसे मोजणाऱ्याचं रेंडरिंग रॅमच्या बाजूने आखडलेलं होतं आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

दुसरं कारण: कार्डाखाली दबलेली केबल

विंडोजच्या टप्प्यातली जादा चाळीस सेकंदं अजून शिल्लक होती. नव्या कार्डासोबतच्या प्रत्येक स्टार्टअपला सिस्टम लॉगमध्ये स्टोरएएचसीआय (साटा डिस्कचा ड्रायव्हर) या स्रोताची १२९ क्रमांकाची नोंद होती: 'रेडपोर्ट०' या उपकरणाला रीसेट दिला. जोडीला डिस्क स्रोताच्या १५३ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे वाचन किंवा लेखन पुन्हा करावं लागलं. डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही की विंडोज ठरावीक काळ थांबतं, मग रीसेट देतं आणि पुन्हा विचारतं. लोगोखाली गोल फिरत राहायचा त्यातला बराचसा वेळ या थांबण्यात जात होता.

जुन्या कार्डासोबत या नोंदी नव्हत्या. ग्राफिक्स कार्ड बदललं की डिस्कच्या तक्रारी येतात आणि जातात, यातून बोर्डाच्या लेन (डेटाच्या वाटा), चिपसेट, ड्रायव्हरचा झगडा अशा गुंतागुंतीच्या शंका काढता येतात. त्यातली लेनची शंका दोन मिनिटांत निकालात निघाली: या बोर्डावर ग्राफिक्सच्या स्लॉटच्या लेन थेट प्रोसेसरकडून येतात आणि साटाचे पोर्ट चिपसेटवर आहेत. एम.२ चा (एनव्हीएमईसारख्या एसएसडीचा) स्लॉट रिकामा होता, त्यामुळे त्याने साटाचा पोर्ट अडवल्याचीही शक्यता नव्हती.

१२९ ची नोंद कंट्रोलर सांगते, त्यावरची डिस्क कोणती ते सांगत नाही. ते स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या, आकड्यांतून कळलं. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये क्रमांक १९९ पाहिला, म्हणजे डेटा केबलवरून जाताना झालेल्या सीआरसी चुका. एसएसडीचा आकडा शून्य, हार्ड डिस्कचा दोनशेच्या पुढे, आणि दर रीस्टार्टला वाढता. हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे सोळाच्या पायात दाखवतं. सेटिंगमधून दशमान केल्याशिवाय ते वाचताना फसायला होतं. त्याच यादीतले ५, १९७ आणि १९८ हे खराब सेक्टरांचे आकडे शून्य होते. म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग धड होता, बिघाड वाटेत होता.

कॅबिनेटची बाजू उघडल्यावर वाट दिसली. या बोर्डावर साटाचे दोन पोर्ट पुढच्या कडेला, नेमके ग्राफिक्स स्लॉटच्या रेषेत होते. १५ सेंटिमीटरचं जुनं कार्ड तिथवर पोचतच नव्हतं. २४ सेंटिमीटरच्या कार्डाचं शेपूट हार्ड डिस्कच्या केबलच्या प्लगवर टेकत होतं. केबल विनाक्लिपची, स्वस्तातली. प्लग तिरका होऊन अर्धवट बसला होता: पूर्ण सुटला असता तर डिस्क दिसेनाशी झाली असती आणि दोष लगेच सापडला असता. अर्धवट संपर्काने डिस्क दिसत राहते, चालतही राहते, फक्त निरोप पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. गेममध्ये अडखळणं जाणवलं नाही, कारण गेम एसएसडीवर होते.

कार्ड बदलून पाहण्याच्या चाचणीने दिशाभूल कशी केली, हे आता स्पष्ट होतं. कार्ड काढताना केबलवरचा दाबही निघत होता. एक गोष्ट बदलतोय असं वाटत असताना दोन बदलत होत्या. म्हणून इथे उलट चाचणी केली: नवं कार्ड जागेवर, फक्त हार्ड डिस्कची डेटा आणि पॉवर केबल काढलेली. विंडोजचा टप्पा १३ सेकंदांवर आला. वळवलेली फोल्डरं सापडत नाहीत अशी सूचना लॉगिननंतर आली. तिथे फक्त बंद करायचं, फोल्डरांची जागा बदलायच्या फंदात पडायचं नाही, नाहीतर डिस्क परत लावल्यावर आणखी एक कोडं उभं राहतं.

दुरुस्तीला एक केबल पुरली. काटकोनी डोक्याची आणि धातूच्या क्लिपची साटा केबल घेतली, ती कार्डाच्या सावलीबाहेरच्या खालच्या पोर्टात लावली आणि बांधताना डोक्याजवळ ताण राहणार नाही एवढी सैल ठेवली. काटकोनी डोकं निवडताना वाकण्याची दिशा पाहावी लागते. चुकीच्या दिशेचं घेतलं तर शेजारचा पोर्ट झाकला जातो.

परिणाम

दोन्ही दुरुस्त्यांनंतर आकडे आले १४, १२ आणि ९ सेकंद. एकूण ३५. फर्मवेअरचा टप्पा लॅन केबल काढून आला होता त्याहूनही खाली गेला, कारण अर्धवट जोडलेल्या डिस्कला ओळखण्यात बोर्डाचेही काही सेकंद जात होते. १२९ आणि १५३ च्या नव्या नोंदी थांबल्या. १९९ चा आकडा मागे जात नाही, तो आयुष्यभराची बेरीज असतो. त्यामुळे तो लिहून ठेवला आणि आठवड्यानंतर पुन्हा पाहिला. वाढला नव्हता. कार्ड परत करायचा बेत रद्द झाला.

सीएसएम बंद करून यूईएफआयवर जायचं का, हा प्रश्न मुद्दाम त्या आठवड्यानंतर घेतला. नवं कार्ड जीओपीसह येत असल्याने जुनी अडचण उरली नव्हती. पण निव्वळ वेगासाठी हा बदल करावा असं वाटत नाही: मिळाले पाच सेकंद, एकूण वेळ ३० वर. खरं कारण वेगळं होतं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला यूईएफआय व सिक्युअर बूटची क्षमता लागते. आय५-८४०० त्याच्या समर्थित यादीत आहे. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येणारं एमबीआरटूजीपीटी हे साधन डेटा न पुसता डिस्कचं एमबीआरमधून जीपीटीत (यूईएफआयला लागणाऱ्या पार्टिशनच्या पद्धतीत) रूपांतर करतं. आधी संपूर्ण बॅकअप घेतला, मग साधनाच्या 'व्हॅलिडेट' पर्यायाने तपासणी केली. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ते इथेच अडतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर आधी थांबवावा लागतो. रूपांतर झाल्यावर पुढच्या स्टार्टअपलाच बायोसमध्ये जाऊन बूटची पद्धत यूईएफआय करावी लागते; इथे त्यासाठी सीएसएम बंद केला. ते राहिलं तर मशीन बूट होत नाही आणि रूपांतर फसल्याचा भास होतो.

वेगळं काय करता आलं असतं

डिस्प्ले येत नाही म्हणून थेट सीमॉस क्लिअर करणं ही या प्रकरणातली कलाटणी. त्याआधी तपासायच्या गोष्टी तीन होत्या: मॉनिटरची केबल कार्डात आहे का, ८ पिनचा कनेक्टर 'टक' आवाज होईपर्यंत बसला आहे का, आणि स्लॉटची खिट्टी लागली आहे का. जंपर या सगळ्यांच्या नंतर, आणि तोही सेटिंगचे फोटो हाती असताना. बऱ्याच बोर्डांवर बायोसमध्ये एफ१२ दाबलं की पडद्याचं चित्र पेन ड्राइव्हवर उतरतं. बूट, मेमरी आणि साटा या तीन पानांची चित्रं कार्ड बदलण्याआधी घेतली असती तर पहिलं कारण पाच मिनिटांत सापडलं असतं.

कार्डाची लांबी वापरकर्त्याने घेण्याआधी मोजली होती, पण कॅबिनेटच्या जागेशी. बोर्डावरच्या साटाच्या पोर्टांशी नव्हे. उत्पादकाने दिलेली लांबी स्लॉटच्या कडेपासून पट्टीने मोजून पाहिली तर शेपूट कशावर येणार ते आधीच दिसतं, आणि केबल तेव्हाच हलवता येते.

तपासाच्या क्रमाबद्दलही मतभेद होऊ शकतो. स्मार्टचे आकडे सगळ्यात आधी पाहिले असते तर दुसरं कारण लवकर हाती लागलं असतं, हे खरं. पण तेवढ्यावर केबल बदलून वेळ ७० सेकंदांवर आला असता आणि काम झालं असं समजून तपास तिथेच थांबण्याचा धोका होता, जसा जुनं कार्ड परत लावल्यावर वापरकर्त्याचा थांबला. टप्प्यांची वेळ आधी घेतल्याने काय काय बाकी आहे याचा हिशेब सतत समोर राहिला.

एक सावधगिरी जुन्या कार्डाबाबत. ते आता कपाटात राखीव म्हणून पडलं आहे, आणि उद्या नवं कार्ड दुरुस्तीला गेलं तर पुन्हा लावलं जाईल. त्याच्यात जीओपी नसेल तर सीएसएम बंद असलेल्या या मशीनवर सुरुवातीचा डिस्प्ले त्यातून येणार नाही. अशा वेळी कार्ड काढून मॉनिटर बोर्डाच्या पोर्टात लावायचा. अंतर्गत ग्राफिक्सवर बायोस आणि विंडोज दोन्ही दिसतील. त्या कार्डाच्या व्हीबायोसमध्ये यूईएफआय आहे की नाही, हे जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या एका चौकटीत कळतं. कार्ड पुन्हा कधी मशीनमध्ये लागेल तेव्हा ते पाहून त्याच्या खोक्यावर लिहून ठेवावं.